रिकाम्या डब्याची रीत

आमच्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत. शेजारणीनं वाटीभर कालवण दिलं आणि ती वाटी नुसती घासूनपुसून तिच्या हातात ठेवली, की आई डोळे वटारायची. दोन केळी, मूठभर वाल, अगदीच काही नसलं तर चिमूटभर साखर, पण काहीतरी घालायचंच. माझं माहेर माकुणसारचं, नारळ-सुपारीच्या आणि पानवेलीच्या वाडीतलं, त्यामुळे वाटीत घालायला काही मिळालं नाही ही सबब आमच्या घरात चालायची नाही. फक्त एका भांड्याला ही रीत लागू नव्हती. मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, म्हणून शेजारपाजारचे कडू घास नेतात, पिठलं-भात किंवा असंच काही साधं. ते भांडं मात्र रिकामंच परत यायचं. त्यात काही घालून पाठवणं म्हणजे असली देवघेव पुन्हा होऊ दे म्हणण्यासारखं.

लहानपणी मला हे सगळं बायकांनी रिकामपणी काढलेलं शास्त्र वाटायचं. नर्सिंगला गेले तेव्हा तर चार पुस्तकं वाचून आईलाच शिकवायला लागले, की दुसऱ्याच्या भांड्यातून जंतू कसे येतात वगैरे. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि होस्टेलला परत जाताना माझ्या रिकाम्या डब्यात लाडू भरले.

साथीच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मी पालघरहून समुद्राकडे जाताना लागणाऱ्या एका छोट्या आरोग्य केंद्रात होते. एरवी तिथे बाळंतपणं, लहान मुलांच्या लसी, कुणाला विंचू चावलेला, कुणाच्या पायात काटा मोडलेला, असलाच कारभार. साथ आली आणि बाळंतिणींची खोली रिकामी करून तिथे रांगेनं खाटा टाकल्या, दाराबाहेर दोरी बांधली. पहिल्या वर्षी लोकांनी आमच्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या. दुसऱ्या वर्षी तेच लोक मी रिक्षात बसले की उतरून जायचे. मी घरी जाणं सोडलं. केंद्रामागच्या खोलीत एकटी राहायची, नवरा आणि मुलगी फाटकाबाहेर उभे राहून माझ्याशी बोलून जायचे. मुलगी जाताना मागे वळून बघायची नाही. तिचं बरोबर होतं, पण मला ते लागायचं.

माझा स्वभाव मुळात तिखट. त्यात तो प्लास्टिकचा अंगरखा घालून दिवसभर घामानं निथळायचं म्हटल्यावर जीभ आणखीच धारदार झाली होती. ताप अंगावर काढून उशिरा येणाऱ्यांची मी अशी हजेरी घ्यायची, की त्यांना आजारापेक्षा माझीच भीती वाटावी. वास येतो की नाही याची माझी एक घरगुती तपासणी होती. सातपाटीच्या रस्त्यानं यायचं, आणि वाळत घातलेल्या बोंबलांचा वास आला नाही तर कुणाला काही न विचारता सरळ माझ्याकडे यायचं. लोक हसायचे. मग ते तसेच यायचे आणि सांगायचे, सिस्टर, बोंबील आले नाहीत.

काका असेच आले. शिरगावच्या बाजूला त्यांची वाडी होती, थोडी नारळ-सुपारी आणि बाकी पानवेल. सत्तरीच्या आसपासचा, काटक, उन्हानं रापलेला माणूस. बायको आणि ते एकाच दिवशी तापले होते. तिला साधा ताप होता म्हणून घरीच वेगळ्या खोलीत ठेवलं. यांचा ऑक्सिजन थोडा कमी होता म्हणून आमच्याकडे खाट दिली. आल्या आल्या त्यांनी विचारलं, की खिडकीजवळची मिळेल का, झाड दिसलं पाहिजे. मी म्हटलं, काका, ही काय लॉजची खोली आहे? पण खिडकीजवळचीच दिली.

त्या खिडकीबाहेर सोनचाफा होता.

काकांचा मुलगा बोईसरला कारखान्यात कामाला होता. रोज सकाळी कामावर जाताना डबा देऊन जायचा आणि संध्याकाळी रिकामा डबा घेऊन जायचा. सूनबाई रांधायची. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, कधी सुकटीची चटणी. काकांना चव नव्हती, अर्धंअधिक तसंच राहायचं, तरी ते अन्नाला नावं ठेवायचे नाहीत. पहिल्याच दिवशी मी डबा धुऊन बाहेर पाठवायला निघाले, तशी त्यांनी मला थांबवलं.

"रिकामा डबा घरी धाडू नको, बाय. वाडीतनं घरी जाताना माझा डबा कधी रिकामा गेला नाय. म्हातारी घाबरंल."

आमच्या खोलीतून बाहेर काही द्यायचं नाही असा नियम होता आणि तो मीच सगळ्यांना ओरडून ओरडून सांगत होते. डबासुद्धा ब्लीचिंगच्या पाण्यातून काढल्याशिवाय फाटकाबाहेर जायचा नाही. पण मी चौकशी केली तर कळलं, की त्यांच्या घरी परत गेलेला डबा एकट्या काकीच हाताळत होत्या. त्यांना तर झालाच होता, आता आणखी काय होणार? मुलगा तो ओट्यावर ठेवायचा आणि त्या आतून येऊन उचलायच्या. मग मी नियमाला थोडी वाट करून दिली. चाफ्याची दोन फुलं आणि एक पान तोडून काकांच्या हातात दिलं. काकांनी गॉजच्या कडेचा धागा ओढून काढला, फुलं आणि पान एकत्र धरलं, बोटांची काहीतरी झटपट हालचाल केली आणि गाठ पडली. जुडी डब्यात ठेवून झाकण लावलं.

ती गाठ माझ्या ओळखीची होती. माझे वडील पानवेल आधाराला बांधताना तशीच मारायचे, केळीच्या सोपटाच्या, म्हणजे खोडाच्या वाळल्या सालीच्या, दोरीनं. वेलीचा गळा आवळत नाही, वाऱ्यानं सुटत नाही आणि वेल खाली उतरवायची वेळ आली की एका ओढीत मोकळी होते. ओळखीची होती, पण मला येत नव्हती. आमच्याकडे मुलींना पानवेलीत फारसं जाऊ देत नसत. का म्हणून विचारलं की पुन्हा आईचे डोळे. वेल विटाळते म्हणे. आम्ही आपलं पडवीत बसून पानांच्या चवडी लावायच्या. काकांना मी हे सांगितलं तर ते हसले आणि म्हणाले, की बरं वाटू दे, शिकवतो. कामातून वेळ मिळाला नाही. खरं तर ते बरे होऊन घरी जाताना शिकवतील असं मी धरून चालले होते.

काकांच्या शेजारच्या खाटेवर तारापूरच्या कारखान्यातला एक कामगार होता, परमुलखातला, हिंदी बोलणारा. एका खोलीत दाटीवाटीनं राहणारे त्याचे सोबती, भीतीनं कुणी फिरकलं नाही. केंद्राकडून खिचडीची पाकिटं मिळायची तेवढ्यावर तो होता. काका त्याला रोज एक भाकरी द्यायचे आणि तो चाचा चाचा करत त्यांना पालथं झोपायला मदत करायचा. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती, पण त्यांचं छान चाललं होतं.

काकांचा ऑक्सिजन मात्र उतरतच गेला. मोठ्या दवाखान्यात जागा बघायला आम्ही फोन करत होतो, पण त्या दिवसांत सगळीकडून एकच उत्तर यायचं. ऑक्सिजनचा मास्क तोंडावर असताना ते खिडकीकडे बोट करायचे, मी फुलं तोडून आणायची. बोटं हळू चालायला लागली, पण गाठ तीच. एका सकाळी मी फुलं पुढे केली तर त्यांचा हात उचलला गेला नाही. त्यांनी नुसतं फुलांकडे बघितलं. दुपारी ते गेले.

मुलाला बोलावून घेतलं. त्यानं लांबून, काचेआडून बापाला पाहिलं. पुढचं सगळं पालघरला, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, परक्या माणसांच्या हातांनी. कुणाचं तोंड बघायचं नाही, कुणी पाणी पाजायचं नाही. मी इतकी मरणं पाहिली होती, तरी त्या दिवशी मला संताप आला. कुणावर ते मला आजही सांगता यायचं नाही.

संध्याकाळी मुलगा परत आला तो फाटकाबाहेरच बसला. सकाळचा डबा तसाच भरलेला माझ्याकडे होता. तो म्हणाला, आईला ताप आहे, छाती भरल्यासारखी वाटतेय म्हणते. आज सांगितलं तर ती जगायची नाही. तिचा ताप उतरू दे. तोवर डबा येत राहील, तुम्ही फुलं ठेवत जा.

मी त्याला चांगली सुनावणार होते. नवरा गेलेला बाईला कळू नये, हा कुठला न्याय? पण बघते तर तो चाळिशीचा बाप्या लहान पोरासारखा गुडघ्यात डोकं घालून बसला होता. त्याच्या आईच्या छातीची मीही फोनवरून चौकशी करत होते, घाबरण्यासारखंच होतं. मी आत गेले, अन्न काढून ठेवून डबा धुतला, फुलं तोडली, गॉजचा धागा काढला आणि जमेल तशी गाठ मारून जुडी डब्यात ठेवली. मी चूक केली असं मला वाटत नाही. बरोबर केलं असंही छातीठोकपणे म्हणणार नाही.

डबा येत राहिला. थांबला असता तर घरात कळलंच असतं. अन्न टाकवेना, म्हणून मी तो शेजारच्या खाटेवरच्या कामगाराला दिला. त्यानं हात मागे घेतला.

"चाचा का खाना मैं कैसे खाऊँ, सिस्टर?"

मी त्याला दरडावून खायला लावलं. तो डबा कपाळाला लावायचा आणि मग खायचा. डोळे पुसायचा, पुन्हा खायचा. तरणा माणूस, आजारातून उठत होता, त्याला भूक लागायची. पुढे माझ्या लक्षात आलं, की डब्यात भाकऱ्या वाढल्या आहेत. बिरडंही काठोकाठ. मला वाटलं, त्या बिचारीला वाटत असेल नवऱ्याची भूक सुधारली. मी डबा धुवायची. मग पुन्हा दोन फुलं, एक पान, आणि माझी ती ओबडधोबड गाठ.

काकींचा ताप उतरला. छाती मोकळी झाली. आता सांगायला हवं होतं, पण मुलाच्या तोंडून शब्द फुटेना. आज सांगतो, उद्या सांगतो करत त्यानं टाळलं. शेवटी म्हणाला, सिस्टर, तुम्हीच चला. मीच बरी सापडले! घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, म्हणत चरफडले आणि दुपारची थोडी सवड काढून त्याच्या मोटरसायकलवर मागे बसले.

साथीचं घर म्हणून घराला बांबू आडवे बांधलेले होते. आजूबाजूची दारं बंद. वाडीत पाणी सुटलं होतं, पानवेली हिरव्यागार होत्या. काकी ओट्यावर खांबाला टेकून बसल्या होत्या, कपाळावर कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. आजारानं अर्ध्या झाल्या होत्या. मी अंगणात लांब उभी राहिले, तोंडावर मास्क. मुलगा पायरीशी गेला आणि नुसता उभा राहिला. काकींनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांनी मुलाला आधी बस म्हटलं, सुनेला हाक मारून त्याच्यासाठी पाणी मागवलं. तो पाणी प्यायला. मग त्याच म्हणाल्या, की तुझे बाबा गेले ते मला ठाऊक हाय.

मुलगा मोडूनच पडला. काकींनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि थोपटत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मला वाटलं, कुणीतरी शेजाऱ्यानं सांगितलं असेल. पण त्यांनी सुनेला आतून सूप आणायला सांगितलं. त्या सुपात सगळी फुलं होती, सुकून काळी पडलेली. एका बाजूला सुटे धागे, दुसऱ्या बाजूला गाठींसकट गुंतलेल्या धाग्यांचं गुंतवळ.

"वास येत नव्हता मला," त्या म्हणाल्या. "मग नुसती बघत बसायची. ह्यांची गाठ एका ओढीत सुटते. तुझी मला दातानं सोडवावी लागली, बाय."

 त्या सांगत गेल्या, सावकाश, मधे मधे दम घेत. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, हात चालत नसतील म्हणून दुसऱ्या कुणी बांधली असेल. दुसऱ्या दिवशीही तीच गाठ आली.

"तेव्हा समजले. ते असते तर तुला अशी बांधू दिली नसती. आदी शिकवली असती."

मी विचारलं, मग डबा का पाठवत राहिलात? त्यांनी मुलाच्या केसांवरून हात फिरवला. तो अजून रडतच होता. म्हणाल्या, की ह्याला सांगायला बळ येत नव्हतं. रोज यायचा, दारात उभा राहायचा आणि ताप किती म्हणून विचारून जायचा. मी आपण होऊन बोलले असते तर बापाचं दुःख राहिलं बाजूला, आईला फसवलं म्हणून हा जन्मभर झुरला असता. म्हणून थांबले. आणि डबा तर तिकडे कुणीतरी जेवत होतं, नाहीतर तू सांगितलं असतंस, थोडं कमी पाठवा म्हणून. तुझ्या हातून अन्न टाकवत नाही हे तुझ्या फुलांवरून कळत होतं, असं त्या म्हणाल्या. कुणी तरणा असेल असं वाटून त्यांनीच सुनेला भाकऱ्या वाढवायला सांगितल्या होत्या.

मी त्या कामगाराबद्दल सांगितलं. डबा कपाळाला लावतो हेही सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, की बिरडं त्याला आवडलं का, त्यांच्याकडे ते करतात का.

आणि मग त्या रडल्या. मोठ्यानं नाही. मुलाच्या पाठीवर कपाळ टेकून, बांगड्या त्याच्या खांद्याला लागत होत्या. मी अंगणात उभी. एरवी अशा वेळी बायका येऊन गळ्यात पडतात, ओटा माणसांनी भरतो. तिथे एक कुत्रं सोडून कुणी आलं नाही. आणि मी, जिचं कामच माणसाला हात लावायचं, ती दोन हात खाली सोडून लांब उभी होते. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

निघताना सूनबाई म्हणाली, की आता चूल पेटवायची नाही. तिनं ते कुणाला उद्देशून म्हटलं नव्हतं. पण बांबू बांधलेल्या घरात त्या दिवशी कोण जेवण आणणार होतं?

केंद्रात परत आले. मागच्या खोलीतल्या माझ्या स्टोव्हवर पिठलं केलं, भात केला. पिठलं जरा जास्तच तिखट झालं, माझा हातच तसा. माझ्या स्वतःच्या डब्यात भरून त्यांच्याकडे नेलं, ओट्याच्या पायरीवर ठेवलं आणि मागे सरले. काकींनी तो स्वतः उचलला. त्यांच्या कपाळावर आता काही नव्हतं. मुलाला त्यांनी पहिला घास भरवला. मग सुनेला. मग स्वतः खाल्ला, आणि मी ते होईपर्यंत तिथेच थांबले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा माझा डबा फाटकावर ठेवून गेला. कामाच्या धांदलीत मी सवयीनं तिथल्या तिथे झाकण उघडलं. क्षणभर गोंधळले. तापानं फणफणत असताना अनोळखी माणसासाठी भाकऱ्या वाढवून पाठवणारी ती बाई, आणि तिच्या घरून आलेला डबा घासून लख्ख आणि पूर्ण रिकामा होता. त्यात एक सुपारीसुद्धा नव्हती.

त्या उन्हाळ्यात आमच्या भागात किती माणसं गेली. कुणाला खांदा मिळाला नाही, कुणाच्या तोंडात पाणी पडलं नाही, कुणाच्या दारात कडू घास गेला नाही. मी पाहिलेल्या मरणांपैकी हे एकच, ज्याचा डबा रीतीप्रमाणे परत आला.

मी चाफ्याखाली बसले, तो रिकामा डबा मांडीवर घेतला आणि काकांसाठी रडले. आतून कुणीतरी सिस्टर म्हणून हाक मारत होतं. थोडा वेळ मी उठले नाही.